मूठ मोजा, मग कापड कापा

शिवणकाम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लहान मुलांच्या खेळासाठी कापडी पिशव्या शिवण्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ‘तयार माप’ म्हणजे शिवून झाल्यावरचे माप आणि ‘कापायचे माप’ म्हणजे शिलाईची माया (टिपेबाहेर ठेवायचे जास्तीचे कापड) धरून. पत्रांतले निम्मे घोटाळे या दोन मापांच्या गल्लतीतूनच झालेले दिसतात.

प्रश्न : नात दोन वर्षांची आहे. घरभर फिरून वस्तू गोळा करते आणि भलतीकडे नेऊन ओतते. तिच्यासाठी आमच्या रोजच्या पिशवीचे माप निम्मे करून पिशवी शिवली, पण ती जमिनीवर घासते आणि नात त्यात पाय अडकून पडते. माप कसे ठरवावे?

उत्तर : मोठ्यांची पिशवी निम्मी करून लहान मुलाची पिशवी होत नाही, कारण मुलाचा हात जमिनीच्या फार जवळ असतो. नातीला सरळ उभी करा, हात खाली सोडू द्या आणि मिटलेल्या मुठीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. या वयात ते साधारण ३५ सेंमीच्या आसपास भरते. त्यातून ५ सेंमी वजा करा. उरलेल्या ३० सेंमीत पिशवीची उंची आणि बंदांची उंची ही दोन्ही बसायला हवीत. म्हणजे पिशवी २२ सेंमी उंच असेल तर बंद वर ८ सेंमीच. मोठ्या माणसाला हे बंद बोटभर वाटतील. वाटू द्या.

रुंदी २० सेंमी पुरते. खोली मुलाच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर तळाशी गेलेली वस्तू काढायला मूल पिशवीत तोंड घालते. २० सेंमी रुंद पिशवीच्या तोंडाचा घेर ४० सेंमी होतो आणि दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ४८ सेंमीच्या आसपास असतो. त्यामुळे ही पिशवी डोक्यावरून खाली जात नाही. हा या मापाचा मोठा फायदा आहे. प्लॅस्टिक किंवा रेक्झिनचे अस्तर मात्र कुठल्याही मापाच्या खेळातल्या पिशवीला लावू नये.

आता कापड. तळाला घडी ठेवून एकाच तुकड्यात पिशवी करायची असेल तर २३ × ५२ सेंमीचा तुकडा कापा. रुंदीत दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी माया आहे, उंचीत दोन्ही तोंडांना ४-४ सेंमी दुमड आहे. छपाई एकाच दिशेची असेल (हत्ती, घरे, झाडे) तर एका तुकड्यात कापू नका, मागच्या बाजूचे हत्ती पाय वर करून उभे राहतील. अशा वेळी २३ × २७.५ सेंमीचे दोन तुकडे घ्या आणि तळालाही शिवण घाला.

बाजूंना दुहेरी बंद शिवण, म्हणजे फ्रेंच शिवण घाला. कापडाची उलट बाजू उलट बाजूवर, सुलट बाहेर अशी घडी घालून कडेपासून ७ मिमीवर पहिली टीप. मग ही माया कात्रीने ४ मिमीपर्यंत छाटा. ही पायरी लोक गाळतात आणि मग सुलट बाजूच्या शिवणीतून धाग्यांच्या मिशा बाहेर डोकावतात. छाटल्यावर इस्त्री करा, पिशवी उलटी करा, शिवण नेमकी कडेवर येईल अशी दाबून ८ मिमीवर दुसरी टीप घाला. आत एकही उघडी कड राहत नाही. दोन वर्षांची मुले पिशवी सारखी उलटी करून आतले धागे ओढत बसतात, म्हणून हा खटाटोप.

तोंडाला आधी १ सेंमी आणि मग ३ सेंमी दुमडून टाचण्या लावा, पण अजून शिवू नका. आधी बंद तयार करा : ३२ × १० सेंमीच्या दोन पट्ट्या, लांबी कापडाच्या उभ्या धाग्यावर. दोन्ही लांब कडा मध्याकडे दुमडा, पुन्हा मध्यावर घडी घाला, अडीच सेंमीची चौपदरी पट्टी होते. दोन्ही कडांना २ मिमीवर टीप. आडव्या किंवा तिरप्या धाग्यावर कापलेला बंद महिन्याभरात लांबतो आणि पिशवी पुन्हा जमिनीवर येते.

दिसणारा बंद २० सेंमीच आहे, मग पट्टी ३२ का? प्रत्येक टोक ३ सेंमी दुमडीच्या आत जाते आणि मग वर उलटताना दुमडीवरून आणखी ३ सेंमी चढते. दोन टोकांचे मिळून १२ सेंमी असे खर्ची पडतात. पिशवीच्या मध्यापासून दोन्हीकडे ४-४ सेंमीवर खुणा करा, पट्टीची टोके खालून दुमडीत सरकवा, दुमडीच्या खालच्या कडेने सगळ्या तोंडाभोवती टीप घाला, मग बंद वर उलटून तोंडाच्या वरच्या कडेने दुसरी टीप. शेवटी प्रत्येक टोकावर चौकोन आणि त्यात फुली शिवा. एका हातात बंद, दुसऱ्या हातात पिशवीचे तोंड धरून झटका द्या. टाक्यांच्या मध्ये फट दिसली तर टीप सैल आहे, उसवून पुन्हा घाला.

प्रश्न : मशीन नाही. हाताने धावदोरा घालून दोन पिशव्या शिवल्या. एका आठवड्यात दोन्हींची एक-एक बाजू पूर्ण उघडी पडली.

उत्तर : धावदोऱ्यात एकच धागा सरळ ओवलेला असतो. एक टाका तुटला की मुलाच्या ओढण्याने पुढचे टाके मोकळे होत जातात. तात्पुरता टाका म्हणून तो उत्तम, पण ओढाताण होणाऱ्या शिवणीला उलटी टीप हवी. सुई खालून वर काढा, ३ मिमी मागे जाऊन खाली घाला, खालून ६ मिमी पुढे येऊन वर काढा, पुन्हा मागच्या टाक्याच्या टोकाशी खाली. वरून मशीनच्या टिपेसारखी सलग रेघ दिसते, खालून टाके एकमेकांवर चढलेले दिसतात. त्या चढलेल्या भागातच तिची ताकद आहे.

दोरा एकपदरीच, पण चांगला घ्या. जुन्या रिळातला सुती दोरा बोटांवर ताणून पाहा. सहज तुटला तर तो फक्त कच्चे टाके घालण्यापुरता. सुईत एका वेळी ५० सेंमीपेक्षा जास्त दोरा घेऊ नका. कंटाळा टाळायला लोक मीटरभर घेतात, तो पिळतो, गाठी पडतात आणि प्रत्येक वेळी कापडातून ओढला गेल्याने शेवटी झिजून तुटतो. सुरुवातीला आणि शेवटी नुसती गाठ नको, विरळ कापडातून गाठ निसटते. त्याच जागी एकावर एक तीन बारीक टाके घालून मग धागा तोडा. बंदांच्या जागी आणि तोंडाच्या दोन्ही टोकांना शेवटचे २ सेंमी दोनदा शिवा.

प्रश्न : पिशवी जमिनीवर उभी राहावी म्हणून तळाचे कोपरे शिवून पेटीसारखा तळ केला. पिशवी उभी राहते, पण ठरवलेल्या मापापेक्षा फारच लहान झाली. कापताना काय चुकले?

उत्तर : तळाला जाडी द्यायची म्हणजे ती रुंदी आणि उंची दोन्हींतून घ्यावी लागते, आणि ते कापतानाच धरावे लागते. २० × २२ सेंमीच्या तयार पिशवीचे दोन्ही कोपरे त्रिकोणात ओढून टोकापासून ४ सेंमीवर आडवी टीप घातली, तर ती टीप ८ सेंमी लांब भरते. तळ ८ सेंमी जाड होतो, रुंदी ८ सेंमीने घटून १२ उरते आणि उंची ४ सेंमीने घटून १८. तुमचेही असेच झाले असणार. तळाची जाडी ८ हवी असेल तर मूळ रुंदीत ८ आणि उंचीत ४ मिळवा. २० रुंद, २२ उंच आणि ८ जाड अशी तयार पिशवी हवी, तर कोपरे शिवण्याआधीची पिशवी २८ × २६ असायला हवी. पण तोंडाचा घेर आता ५६ झाला, म्हणजे ही पिशवी डोक्यावर चढते. अगदी लहान मुलासाठी १२ सेंमी रुंदीचीच राहू द्या, खेळायला ती छानच असते.

त्रिकोण करताना बाजूची शिवण आणि तळाची घडी नेमकी एकमेकांवर आली आहे का ते बाहेरून चाचपून पाहा. तिथे ३-४ मिमीचा फरक पडला तरी पिशवी एका अंगावर कलते. टीप दोनदा घालून वरचा त्रिकोण छाटा आणि कडा झिगझॅगने बंद करा. कापड पातळ असेल तर त्रिकोण न छाटता तळावर दुमडून हाताने टाचा. तळाला आयताच दुसरा पदर मिळतो.

प्रश्न : नाडीची पिशवी मुलांना आवडते, पण आमच्या पिशवीत तीन अडचणी आहेत. नाडी नेफ्यात आत निघून जाते. सेफ्टी पिन मध्येच अडकते. आणि जाड कापडाची पिशवी नाडी ओढली तरी मिटतच नाही. शिवाय लहान मुलाला नाडी द्यावी की नाही, हीही शंका आहे.

उत्तर : शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती योग्य आहे. पिशवी उघडी असताना नाडी कितीही आखूड दिसो, मिटल्यावर नेफ्यातली सगळी नाडी बाहेर येते. तोंडाचा घेर ४० सेंमी असलेल्या पिशवीत ती ३० सेंमीहून जास्त असते, आणि दोन्ही टोके एकत्र गाठलेली असतील तर तेवढा मोठा फास तयार होतो. तो मानेत जाऊ शकतो, फर्निचरला अडकू शकतो. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाला नाडी नको. त्याच्यासाठी नेफ्यात इलॅस्टिक घाला : १ सेंमी रुंद, लांबी तोंडाच्या घेराच्या ६५ टक्के. ४० सेंमीच्या घेराला २६ सेंमी आणि जोडासाठी २ सेंमी, एकूण २८. नेफा १.५ सेंमी पुरेसा. जोडण्याआधी इलॅस्टिकला पीळ बसलेला नाही ना ते पाहा, टोके २ सेंमी एकमेकांवर ठेवून चौकोनी टीप घाला. अशा पिशवीचे तोंड मूल दोन्ही हातांनी ताणते, सोडले की ते आपोआप आवळते. ते ताणून सोडणे हाच अर्धा खेळ होतो.

मोठ्या मुलासाठी नाडी असू द्या, पण एकाच बाजूने बाहेर येणारी. दोन बाजूंनी दोन नाड्या असलेली पिशवी दिसते सुंदर, पण ती मिटायला दोन हात विरुद्ध दिशांना सारख्याच जोराने ओढावे लागतात आणि उघडायला तोंडात बोटे घालून चुण्या सोडवाव्या लागतात. चार वर्षांच्या आत हे क्वचितच जमते.

नेफा असा करा. कापायची माया बाजूंना १.५ सेंमी, तोंडाला ३.५ सेंमी (१ सेंमीची पहिली दुमड, अडीचची दुसरी). एक बाजू पूर्ण शिवा. दुसरी बाजू तळापासून वर शिवत या आणि वरच्या कच्च्या कडेच्या ६ सेंमी आधी थांबा, उलट-सुलट टाके घालून टीप पक्की करा. इथे फ्रेंच शिवण नको, साधी शिवण घालून माया दोन्हीकडे उघडी दाबा. न शिवलेल्या ६ सेंमीच्या फटीच्या दोन्ही कडा माया आत ठेवून शिवून टाका. आता तोंड दुमडून नेफ्याची टीप घाला. ती बरोबर फट संपते तिथे येते, आणि नेफ्याची दोन्ही टोके उघडी राहतात.

सेफ्टी पिन अडकते ती जवळजवळ नेहमी समोरच्या, पूर्ण शिवलेल्या बाजूच्या मायेत. पिन मायेखाली शिरते आणि पुढे सरकेना की आपण जोर लावतो, मग ती उघडते. त्या शिवणीची माया नेफा दुमडण्याआधीच वरचे ६ सेंमी दोन्हीकडे टिपेने खाली बसवा. पिन बुटकी पण मोठ्या डोक्याची घ्या, आणि तिचे तोंड मागे राहील अशी सरकवा.

नाडी आत जाऊ नये म्हणून नेफ्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे फटीच्या समोरच्या बाजूला, नेफा आणि नाडी मिळून चार-पाच टाके एकाच जागी घाला. नाडी तिथे पक्की बसते आणि कुठलेही टोक निसटत नाही. ५-६ मिमी जाडीची सुती नाडी घ्या. सॅटिनची गुळगुळीत नाडी गाठ धरत नाही. ४० सेंमीच्या घेराला ५६ सेंमी नाडी पुरते. दोन्ही टोकांना स्वतंत्र गाठ मारा, एकमेकांना बांधू नका. मिटल्यावर प्रत्येक टोक २२ सेंमीच्या आसपास बाहेर येते, पण फास होत नाही. खेळ झाला की नाडीची पिशवी उंचावर ठेवा. पाळण्यात किंवा झोपायच्या जागी ती कधीच नको.

जाड कापडाला मात्र उपाय नाही. कॅनव्हास आणि जीन्सला चुण्या पडत नाहीत, त्याच्या कडक लाटा उठतात आणि मध्ये भोक राहते. जाड कापड हवेच असेल तर पिशवी त्याची करा आणि वरचे ८-१० सेंमी पॉपलीनचे जोडून नेफा त्यात घ्या.

प्रश्न : हात घालून, न बघता वस्तू ओळखायच्या खेळासाठी पिशवी हवी आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि सरळ तोंड उघडून आत बघतो!

उत्तर : साडेतीन वर्षांच्या मुलाने बघू नये अशी अपेक्षाच चुकीची. पिशवीनेच बघू देता कामा नये. तोंडाला बाही लावा, आणि बाहीसाठी मोठ्या माणसाच्या जुन्या मोज्यासारखी दुसरी वस्तू नाही. घट्ट कडेपासून खाली १२ सेंमी कापा. मोज्याची मूळ कड हाताकडे, कापलेली कड पिशवीकडे.

पिशवी १८ × २५ सेंमी तयार मापाची ठेवा. १ सेंमी माया धरून २० × २७ सेंमीचे दोन तुकडे. तीन बाजू शिवून झाल्यावर तोंडाचा घेर ३६ भरतो आणि मोज्याचा सैल घेर असतो १६-१८. ते जुळवायला पिशवीच्या तोंडावर चार समान भागांच्या खुणा करा, मोज्यावरही चार. खुणेला खूण, सुलट बाजूंना सुलट बाजू टाचून घ्या आणि शिवताना फक्त मोजा ताणा, पिशवीचे कापड मुळीच ताणू नका. खुणा न करता गोल शिवत गेलात तर सुरुवातीला मोजा कमी ताणला जातो, शेवटी पिशवीचे चार-पाच सेंमी कापड उरते आणि ते एकाच जागी चुणीत कोंबावे लागते. टीप झिगझॅगची हवी. सरळ टीप घातली तर मुलाने हात घालताच ताण बसून दोरा तुटतो. हाताने शिवत असाल तर उलटी टीप थोडी सैल घाला आणि दर दोन सेंमीला मोजा ताणून पाहा.

कापड खिडकीसमोर धरून बोटे दिसतात का पाहा. दिसत असतील तर दोन पदर घ्या. आत एका वेळी चारच वस्तू ठेवा आणि प्रत्येकीची जोडी बाहेर मुलासमोर ठेवा : लाकडी चमचा, चेंडू, दात घासायचा ब्रश, कापडाचा तुकडा. बाहेरची वस्तू बघून आतली शोधणे हे नुसते चाचपून नाव सांगण्यापेक्षा सोपे असते, सुरुवात तिथून करा. धाकटे भावंड घरात असेल तर वस्तूंच्या आकाराकडे लक्ष द्या. खेळण्यांच्या तपासणीत लहान भाग ओळखायला ३१.७ मिमी आतल्या व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देत नाहीत. तसली नळी घरी नसते, पण पट्टीवर ३२ मिमी बघून ठेवायला काय हरकत आहे?

प्रश्न : फेकायच्या छोट्या, दाणे भरलेल्या पिशव्या दर वेळी कोपऱ्यातून गळतात. दोनदा टीप घालूनही फरक नाही.

उत्तर : गळती बहुधा टिपेतून नसते, छाटणीतून असते. कोपरा टोकदार दिसावा म्हणून माया टाक्याच्या अगदी जवळ कापली जाते, पिशवी उलटवताना कात्रीचे टोक आतून खुपसले जाते आणि तिथले दोन-तीन धागे तुटतात. कोपऱ्यात टाक्यापासून किमान ३ मिमी माया राहू द्या आणि टोक काढायला बोथट पेन्सिल वापरा. त्याहून सोपे म्हणजे कोपऱ्यात थेट वळण न घेता एक आडवा टाका घालून वळा. उलटवल्यावर तो कोपरा जास्त सुबक दिसतो, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

१० सेंमीच्या तयार चौकोनासाठी १२ × १२ सेंमीचे दोन तुकडे कापा, माया १ सेंमी. एका बाजूच्या मध्यावर ४ सेंमी जागा सोडा, कोपऱ्यात सोडू नका. टाका २ मिमीचा, आणि दुसरी टीप पहिलीच्या बाहेर मायेत, २ मिमीवर. दाणे थेट बाहेरच्या पिशवीत भरू नका, मांजरपाटाची आतली पिशवी वेगळी करा. बाहेरची उसवली तरी दाणे सांडत नाहीत आणि धुवायला तेवढीच काढता येते. भरण साधारण १०० ग्रॅम, पिशवी दोन तृतीयांश भरेल एवढेच. गच्च भरलेली पिशवी आपटून उडते आणि घरंगळते. सैल पिशवी जिथे पडते तिथेच बसते आणि मुलाच्या तळहातात मावते.

धान्य भरणार असाल तर ते कोरडे हवे. भरण्याआधी तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवले की किडे होत नाहीत. बाहेर काढल्यावर पूर्ण कोरडे होऊ द्या, मगच भरा. ओले झालेले धान्य फुगते, कुबट होते, कधी कोंबही फुटतात. अशी पिशवी वाळवत बसू नका, धान्य टाकून द्या. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मात्र दाणे नकोतच, सांडलेला दाणा नाकात-कानात जाऊन ओलीने फुगतो. त्यांच्यासाठी कपड्यांच्या बारीक चिंध्या भरा. वजन कमी होते, फेक जवळ पडते, पण चालते.

प्रश्न : पिशवी बंद करायला वेल्क्रो, टिचबटण की चेन?

उत्तर : तीन वर्षांपर्यंत वेल्क्रो, आणि तोही २ × २ सेंमीचा एकच तुकडा. तोंडभर लांब पट्टी लावली की मुलाला ती उघडताच येत नाही, मग ते बंद ओढते. खरखरीत बाजू अशी लावा की आत हात घालताना मनगटाला घासणार नाही. धुताना वेल्क्रो मिटवून ठेवा, नाहीतर त्यात इतर कपड्यांचे धागे भरतात आणि तो धरेनासा होतो. टिचबटण दाबायला बोटात जोर लागतो आणि पातळ कापडातून ते उखडते. लावायचेच तर खाली कापडाचा आणखी एक पदर द्या. चेन चार वर्षांनंतर. तिच्या पकडीला ५ सेंमी लांब फितीचा तुकडा शिवला की छोट्या बोटांना ओढता येते. जुन्या शर्टची पुढची बटणपट्टीच पिशवीचे तोंड म्हणून वापरण्याची कल्पना दोन पत्रांत आली आहे. ती मोठ्या मुलांसाठी फार छान आहे, फक्त सगळी बटणे नव्याने, घट्ट शिवून घ्या. कारखान्यातली बटणे पुष्कळदा एका सुट्या टोकावर उसवत येतात.

प्रश्न : जुन्या जीन्सची पिशवी शिवताना बंदांपाशी मशीन अडते, टाके सुटतात, सुई मोडते.

उत्तर : सुई बदला. साध्या सुती कापडाला १२ नंबर, जाड कापडाला १४, जीन्सला १६. टाका ३ मिमीचा. बंदाच्या जागी जीन्सचे सात-आठ पदर एकत्र येतात, त्यामुळे बंद जीन्सचा न करता पातळ सुती कापडाचा करणे हाच खरा इलाज. तरीही उंचवट्यावर टाके सुटत असतील तर कारण असे : प्रेशर फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) पुढून वर चढतो, मागून खाली असतो आणि तिरका झाल्याने कापड नीट धरत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा घडी घालून उंचवट्याच्या जाडीचा करा, फुटाच्या मागे खाली सरकवा, फूट सपाट बसेल. ते चार टाके मोटरवर न घालता हाताने चाक फिरवून घाला. गुडघ्याजवळचे झिजलेले कापड घेऊ नका. उजेडात धरून जाळी दिसते का पाहा.

प्रश्न : नवीन कापडाची पिशवी पहिल्या धुण्यात आक्रसली आणि बंद पिळवटले. आधी धुवायला हवे होते का?

उत्तर : हो. नवे सुती कापड तीन ते पाच टक्के आक्रसू शकते; ५२ सेंमीच्या तुकड्यात ते दीड ते अडीच सेंमी होते. पिशवी आणि बंद वेगवेगळ्या कापडांचे असले की दोन्ही सारखे आक्रसत नाहीत आणि पीळ बसतो. कापण्याआधी नेहमी जसे धुणार तसेच धुवा, वाळवा, थोडे दमट असताना इस्त्री करा. गडद रंगाचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. मुले पिशवीचे बंद चघळतात, त्यामुळे फडक्यावर रंग उतरला तर ते कापड बंदांना वापरू नका. पिळवटलेला बंद उसवून सरळ करण्यात अर्थ नाही, नवीन पट्टी कापा.